डावा खांदा

३ जून

प्रिय आत्या,

फोनवर तू "हॅलो" म्हणतेस आणि मग माझ्या वाट्याचंही सगळं तूच बोलतेस, म्हणून हे पत्र. यात तरी मला शेवटपर्यंत बोलू दे.

आमच्या संग्रहालयात नवं दालन उघडतंय. दुसरीकडून या शहरात येऊन राहिलेल्या माणसांचं. त्यांच्या गोष्टी आणि त्यांनी येताना आणलेल्या वस्तू. गोष्टी गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय आणि सध्या माझे पाय जमिनीवर नाहीत. अडचण एवढीच, की जो येतो तो सुटकेस घेऊन येतो. आमच्या कोठीत सुटकेसींचा डोंगर झालाय. परवा एक आजोबा आले, त्यांच्या सुटकेसला दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती. विचारलं तर म्हणाले, "जुनी केव्हाच फाटली हो, पण तुमच्याकडे हात हलवत कसं यायचं?"

म्हणून मला तुझ्या कपाटावरची ती गुंडाळी हवी आहे. तपकिरी कागदांची. लहानपणी मी तिला हात लावला की तू कात्री घेऊन माझ्या मागे लागायचीस, तीच. आणि तिची गोष्ट हवी, तुझ्या तोंडून.

घाबरू नकोस. आमच्या दालनप्रमुख बाई भारी कडक आहेत. विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, भिंतीवर लावायच्या आधी ज्याचं त्याला दाखवायचं, आणि त्याने कधीही "नको" म्हटलं की मुकाट्याने उतरवायचं. मागे एक काका बोलता बोलता रडले. फोटोवाला म्हणाला, उजेड नीट नव्हता, परत एकदा रडा. बाईंनी त्याला कॅमेऱ्यासकट जिन्याची वाट दाखवली.

तर मग, देतेस ना?

तुझी,
बटण

९ जून

चि. बटण हिला अनेक आशीर्वाद.

संग्रहालयात पेंढा भरलेले हत्ती ठेवतात एवढं मला ठाऊक आहे. मी अजून भाजीची पिशवी घेऊन जिना चढते, तेव्हा मला काचेत घालायची एवढी घाई कशाला?

पण तुझी पहिलीच नोकरी, आणि तू लहानपणी माझ्या डब्यातलं बटण गिळून घरादाराची झोप उडवली होतीस, तेव्हापासून तुझ्याबद्दल माझा जीव जरा जास्तच हळवा आहे. तेव्हा ऐक.

जुन्या गावी आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका कोट आणि झगे माझ्याकडूनच शिवून घ्यायच्या. मग या शहरातल्या कोटांच्या कारखान्यात मला नोकरी लागली. निघायच्या आधी मी प्रत्येकीचं कटिंग कागदावर काढून घेतलं. तुझ्या बाईंना कळत नसेल तर सांग, कटिंग म्हणजे अंगाच्या मापाने कापलेला कागद. तो कापडावर ठेवायचा, भोवतीने खडू फिरवायचा आणि कात्री चालवायची. म्हटलं, मी लांब चालले म्हणून यांनी दुसरी शिंपीण का शोधावी? कापड पोस्टाने धाडा, कोट पोस्टाने घ्या.

आणि खरंच धाडायच्या! आठवडाभर कारखान्यात परक्यांच्या बाह्या शिवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी आपली गल्ली टेबलावर पसरायची. कोणाची कंबर सुटली, कोणाला दिवस गेले, मला पार्सलातल्या चिठ्ठीवरून कळायचं. "एकटं वाटलं का?" असं तू विचारणारच आहेस. वाटलं. पण टेबलावर इतक्या बायका असताना किती वेळ वाटणार?

गुंडाळी शेजारच्या बसड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. कित्येक वर्षांत मी ती सोडलेली नाही, तेव्हा जपून उघडा. भिंतीवर "संघर्ष" हा शब्द दिसला तर मी जातीने येऊन भिंत पाडीन. आणि कागदांवर नावं आहेत, मापं आहेत, ती झाका. कोणाची कंबर केवढी, ही तिकीट काढून बघायची गोष्ट नाही.

तुझी,
आत्या

२४ जून

प्रिय आत्या,

गुंडाळी आली आणि अख्खं ऑफिस टेबलाभोवती गोळा झालं. कागद मऊ पडलेत, पण एकही फाटलेला नाही. सगळ्या नावांवर आणि आकड्यांवर मी स्वतः पट्ट्या लावल्या. बघितलंस, तुझा शब्द खाली पडू दिला नाही.

आणि सगळ्यात आत, अगदी गाभ्यात, आम्हाला रत्न सापडलं! निळ्या खडूने आखलेलं एक अस्तराचं कटिंग. बाकीचे कागद कसे तोलून मापून, आणि याचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगलाच खाली घसरलेला. बाई चष्मा काढून म्हणाल्या, "हे मधल्या काचेत." शेजारी लावायचं कार्ड मी लिहिलंय, वाच:

"घर सोडण्याच्या आदल्या दिवशी कापलेला हा कागद. डावा खांदा ओघळला आहे. निरोप घेणाऱ्या एका मुलीचा थरथरता हात इथे अजून दिसतो."

कसं आहे? बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या शिपाईमामांच्या पण आलं, पण त्यांना सर्दी आहे. खरं म्हणजे छापण्याआधी तुला दाखवायला हवं होतं. छापखाना त्याच दिवशी मोकळा होता, म्हणून कार्ड आधी गेलं आणि पत्र मागून येतंय. तुला आवडणारच, याची मला खात्री होती.

तुझी,
लेखिका बटण

२७ जून

बटण,

आशीर्वाद नंतर.

थरथरता हात? माझा? अगं, तुझे आजोबा दारात आडवे उभे राहिले होते तेव्हा माझा हात थरथरला नाही. कारखान्याच्या मुकादमाने माझी शिवण उसवली आणि मी त्याच्याच देखत ती पुन्हा जशीच्या तशी घातली, तेव्हाही थरथरला नाही. आता उभं शहर तिकीट काढून येणार आणि म्हणणार, बिचारी, हिला साधा खांदा सरळ कापता आला नाही. माझ्याबरोबर काम केलेल्या अजून चारजणी या शहरात आहेत. त्या हसून हसून लोळतील.

त्या कटिंगमध्ये चूक नाही. ते काचेतून काढ आणि मला परत पाठव. का, ते विचारायचं नाही.

तुझी,
आत्या

३० जून

आत्या गं,

इतकी चिडू नकोस. कार्ड बदलते. "थरथरता हात" काढून टाकते, हवं तर "कुशल हात" लिहिते. पण कटिंग परत मागू नकोस. मधली काच त्याच्यासाठीच बांधून घेतलीय, उद्घाटन तोंडावर आलंय, आणि ते काढलं तर दालनात उरतील सुटकेसी.

मी बरंच डोकं चालवलं. तू म्हणतेस चूक नाही. चूक नसेल तर खांदाच तसा असणार. म्हणजे ज्यांच्या कोटाचं ते अस्तर, त्या बाईंचा. नाव मी पट्टीखाली झाकलंय, तेव्हा कोणाला काय कळणार आहे? कागद तुझा, कापलास तू, परवानगी तू दिलीस. माझ्या मते नियमात सगळं बसतं.

तुझी,
रडकुंडीला आलेली बटण

३ जुलै

चि. बटण हिस आशीर्वाद.

मी तुला काही सांगितलेलं नाही, हे आधी लक्षात ठेव. तू ओळखलंस. पुढेमागे कोणी विचारलं तर देवाशपथ हेच सांगायचं.

मी चांगलीच कोंडीत सापडले आहे. कार्ड तसंच राहिलं तर कापणारी म्हणून माझी अब्रू जाते. खरं लिहिलं तर मी दिलेला शब्द जातो. ती माझी जिवाची मैत्रीण होती. लहानपणी झाडावरून पडली आणि खांदा तसाच राहिला. तिच्या कोटाचं वरचं कापड मी सरळ कापायचे, अस्तर तिच्या अंगाप्रमाणे तिरपं, आणि मधे कापसाची छोटी गादी शिवायचे. वरून बघणाऱ्याला काही म्हणता काही कळायचं नाही. कोणाला सांगणार नाही असा मी तिला शब्द दिला होता, आणि आजवर पाळला.

नाव झाकून काही होत नाही, बटण. शिवणकाम करणारीला खांदा दिसला की माणूस दिसतं. कागद माझा आहे, पण खांदा तिचा आहे. तिला विचार.

मी विचारणार नाही. या शहरात आम्ही दोघी मिळून येणार होतो. दोघींना नोकरी लागली होती, एकाच खोलीत राहायचं ठरलं होतं, पडद्याचा रंगसुद्धा ठरला होता. निघायच्या दिवशी मी बसस्टँडवर तिची वाट बघत राहिले आणि ती आलीच नाही. मी इकडे पोहोचल्यावर तिला एक पत्र लिहिलं, फार तिखट. त्याचं उत्तर नाही. पुढे सगळ्या गल्लीचं कापड येत राहिलं. तिचं कधीच आलं नाही. दर पार्सल उघडताना मी आधी निळं कापड शोधायचे, तिला निळं आवडतं म्हणून. मला त्याचं फार वाईट वाटायचं. अजूनही वाटतं.

ती पुढे गावच्या पोस्टात लागली असं ऐकलं होतं. पत्ता तोच असणार. आम्ही तिला टिटवी म्हणायचो. ती "नको" म्हणाली, तर कागद मला परत आणि तुझी काच रिकामी. आहे कबूल?

तुझी,
आत्या

१६ जुलै

संग्रहालयाच्या बाईंस,

आपले पत्र मिळाले. पोच देत आहे. आपण पाकिटावर तिकीट उलटे लावले होते. मी पोस्टाच्या खिडकीमागे जन्म काढला आहे, तेव्हा एवढे बोलण्याचा मला अधिकार आहे.

तो खांदा माझा आहे. लावा. नावावरची पट्टीही काढा, उगाच कोणा दुसरीचा समजायचे. मात्र सोबत पाठवलेले कार्ड साफ चूक आहे. आपल्या आत्याने आयुष्यात वाकडे कापले ते फक्त बोलण्यात, कापडात कधीच नाही. कार्ड बदलल्याशिवाय माझी परवानगी नाही.

आपण बाकीच्या बायकांबद्दल विचारले नव्हते. विचारायला हवे होते. म्हणून मीच गल्लीत फिरून आले. ज्या हयात नाहीत त्यांच्या मुलींना विचारले. दोघी नको म्हणाल्या, त्यांची नावे मागे लिहिली आहेत, त्यांचे कागद लावू नयेत. खालच्या घरातल्या बाईंची मात्र विनंती आहे की त्यांचा कागद सगळ्यात पुढे लावावा आणि कंबरेचे माप ठळक अक्षरात लिहावे. त्या सुनेला घेऊन बघायला येणार आहेत.

सोबतचे बंद पाकीट आपल्या आत्यासाठी. ते संग्रहालयासाठी नाही.

आपली,
टपालवाली

२१ जुलै

प्रिय आत्या,

टिटवीबाईंचं उत्तर आलं. माझ्यापुरतं होतं ते तुझ्यासाठी उतरवून पाठवतेय. वाच आणि माझी किती हजामत झालीय ते बघ.

जुनं कार्ड बाईंना नेऊन दिलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, आता माझी बदली सुटकेसींच्या कोठीत. बाईंनी ते फाडलं. म्हणाल्या, "रडल्या सगळ्यात आधी मी. मग चूक तुझी एकटीची कशी?" आणि उद्घाटन पुढे ढकललं.

बंद पाकीट सोबत आहे. दिव्यासमोर धरून बघितलेलं नाही. एकदा धरावंसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आत काय आहे ते तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर राहू दे.

तुझी,
बटण

(पाकिटातलं पत्र)

कात्री,

एवढ्या वर्षांनी तुला लिहायला संग्रहालयाचं निमित्त लागावं, म्हणजे आपण दोघी खरंच जुन्या झालो.

मी स्टँडवर आले होते. समोरच्या औषधाच्या दुकानात उभी होते. तू बसच्या पायरीवर उभी राहून मान उंच करून बघत होतीस आणि कंडक्टरशी भांडत होतीस, "अजून एक यायचीय." बस वळेपर्यंत मी बघत होते.

कारखान्याचा डॉक्टर गावात आला होता ना, एकेकीला तपासायला? त्याने मला कोट काढायला लावला. मग खांदा कसला लपतोय? म्हणाला, असल्या अंगाने मशीन चालवता येणार नाही, आणि नाव खोडलं. बाहेर येऊन मी तुला सांगितलं की मलाही घेतलं. खरं सांगितलं असतं तर तू आत जाऊन त्याची कॉलर धरली असतीस, आणि मग दोघींचीही नावं खोडली गेली असती. तुला ओळखत नाही का मी? तुझ्या पत्रात तू मला भित्री म्हणालीस. वाचून बरं वाटलं, कारण तुला संशय आला नव्हता. मग खूप रडले.

कापड पाठवलं असतं तर तू पुन्हा गादी घालून कोट पाठवला असतास. जुन्या कोटातली गादी तर तू गेलीस त्याच आठवड्यात मी उसवून टाकली होती. ज्याने खांद्यामुळे मला नाकारलं, त्याने तो बघितलाच होता, मग बाकीच्यांपासून काय लपवायचं? पोस्टात खिडकीमागे बसून मी गावासमोर तिरप्या खांद्याने शिक्के मारले. मला सगळे तिरपी बाई म्हणतात, अगदी तोंडावर. तेव्हा कात्री, तू जे गुपित इतकी वर्षं जिवापाड जपलंस, ते इथल्या शेळ्यांनासुद्धा माहीत आहे.

आणि एक. गल्लीतून तुझ्याकडे गेलेलं आणि तुझ्याकडून आलेलं प्रत्येक पार्सल माझ्या हातून गेलं. तुझी गाठ मला न बघता कळते. एकदा गाठ ढिली आली होती. मला वाटलं, ही आजारी असणार. मी ते पार्सल पुन्हा बांधलं आणि तू बरी व्हावीस म्हणून त्या दिवशी घरी जाताना लांबच्या रस्त्याने, देवळावरून गेले.

खांदा भिंतीवर लावा. डॉक्टरची गोष्ट लावायची नाही. ती तुला सांगायची होती, सांगितली.

तुझी,
टिटवी

२६ जुलै

बटण,

कार्डाचा मजकूर मी लिहिला आहे. टिटवीलाही पाठवते आहे. तिचं "हो" आल्याशिवाय छापखान्याकडे फिरकलीस तर तुझे कान माझ्या हातात.

"माझ्या मैत्रिणीच्या कोटाचं अस्तर. डावा खांदा खाली आहे, कारण तो तसाच आहे. कटिंग बरोबर आहे."

बाकी पाकिटात काय होतं, ते विचारलं नाहीस. गुणाची गं माझी पोर.

आत्या

२६ जुलै

टिटवे,

तुझं पत्र वाचून मी आधी त्या डॉक्टरला शिव्या दिल्या, मग तुला, मग ओट्याला टेकून ढसाढसा रडले. शेजारीण धावत आली, तिला म्हटलं कांदा चिरतेय. ओट्यावर कांदा नव्हता.

गाठ ढिली होती तेव्हा मला खरंच ताप होता. घरात कोणाला कळू दिलं नव्हतं.

तू आलीच नाहीस, असं मी जगाला सांगत फिरले. तू समोर उभी होतीस आणि मी कंडक्टरशी भांडण्यात दंग. मागे वळून त्या दुकानात एकदा बघितलं असतं तर! पण बघितलं असतं तर मी बसमध्ये चढलेच नसते, हेही खरं. तू मला ढकलून पाठवलंस आणि वर भित्री म्हणवून घेतलंस. तुझ्यासारखं माणूस मला या शहरात दुसरं मिळालं नाही, टिटवे. हे मी तुला आधीच लिहायला हवं होतं.

डॉक्टरची गोष्ट माझ्यापाशी राहील. गुपितं जपायची मला सवय आहे, शेळ्यांना माहीत असली तरी.

कार्डाचा मजकूर सोबत आहे, खालीवर काही वाटलं तर कळव. उद्घाटनाला ये. खालच्या घरातलीबरोबर ये, तिच्या कंबरेच्या मापाला सुनेसमोर तेवढीच एक साक्षीदार. आणि येताना कापड आण, निळं. जुन्या मापावर आता तुझा कोट बसायचा नाही, माझाही नाही. नवं माप घेते. या वेळी वरचं कापड आणि अस्तर, दोन्ही एकाच कटिंगवर कापीन, आणि मधे गादी घालणार नाही.

तुझी,
कात्री

ता. क. बसस्टँडवर मी उभी असेन. समोर औषधाचं दुकान इथेही आहे. त्याच्यात शिरू नकोस.